कोपऱ्यातला आकडा

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगते. मे महिनाभर पुण्याला मुलाकडे होते आणि तिथे मी एक नवाच उद्योग केला. रात्री जागून भुतांचे व्हिडिओ गेम बघितले! हसू नका मंडळी. ३४ वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, "काय ते खेळ खेळत बसता" म्हणून मुलांना शेकडो वेळा रागावले असेन, आणि आता वयाच्या ७४ व्या वर्षी मीच...

तर सांगायची गोष्ट अशी. पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले. सव्वा वाजला असेल. ओंकारच्या खोलीच्या दाराखालून निळसर उजेड येत होता. ओंकार म्हणजे माझा नातू, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोरगं अभ्यास करतंय म्हणून कौतुकाने दार लोटलं, तर खोलीत मिट्ट काळोख, याच्या कानाला हेडफोन, आणि लॅपटॉपवर एक माणूस अंधाऱ्या बोळातून चाललेला. मी मागून खांद्यावर हात ठेवला मात्र, हे पोर एवढ्यांदा किंचाळलं की सूनबाई धावत आली.

"आई, आता तुम्हीच सांगा याला. रात्र रात्र हे असलं बघतो. झोप नाही, जेवणात लक्ष नाही."

मुलाला रागवायचं तर आधी त्याने काय लिहिलंय ते वाचायचं, ही माझी जुनी सवय. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "दाखव बघू काय आहे ते."

माझा पहिलाच प्रश्न मास्तरणीचा होता. "अरे, यात मार्क कुठे दिसतात?"

माझा मुलगा लहानपणी टीव्हीला जोडून गेम खेळायचा, त्यात पडद्याच्या कोपऱ्यात सगळा हिशेब असायचा. गुण किती, प्राण किती उरले, पुढची पातळी कुठली. इथे तसलं काहीच नव्हतं. चारही कोपरे मोकळे. बोळ, भिंती, आणि आपल्याकडे पाठ करून चाललेला तो माणूस.

"तीच तर गंमत आहे, आजी," ओंकार म्हणाला. "त्याच्या पाठीकडे बघ."

त्या माणसाच्या पोशाखाला पाठीच्या कण्यावरून एक दिव्यांची नळी होती. ती पूर्ण उजळलेली म्हणजे माणूस धडधाकट. जखमा होतील तशी ती उतरत जाते, आणि फारच कमी उरली की लाल होते. बंदुकीत गोळ्या किती ते बंदुकीवरच उमटतं. नकाशा हवा असेल तर तो त्याच्यासमोर हवेत उजेडाचा होऊन उभा राहतो, आणि आपण नकाशा बघत असताना खेळ थांबत नाही. म्हणजे तुम्ही नकाशात डोकं घालून बसलात तर मागून येणारा यायचा तो येतोच.

या खेळाचं नाव डेड स्पेस. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या एका स्टुडिओने केला. २०२३ मध्ये तोच नव्याने बनवला गेला, पण ओंकारच्या लॅपटॉपला नवा झेपत नाही म्हणून तो जुनाच खेळतो. इशिमुरा नावाचं एक अवाढव्य खाणजहाज अवकाशात बंद पडलंय, आणि ते दुरुस्त करायला आलेला हा इंजिनिअर, आयझॅक क्लार्क. आयझॅक असिमोव्ह आणि आर्थर सी. क्लार्क या दोन विज्ञानकथाकारांवरून त्याचं नाव ठेवलंय. जहाजावरची माणसं मेलेली, आणि मेलेलीच भुतं होऊन फिरताहेत. आयझॅक काही सैनिक नाही. त्याच्या हातातलं पहिलं हत्यार म्हणजे खाणीत खडक कापायचं अवजार. हे ऐकल्यावर माझा जरा जीव जडला. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. पान्हा घेऊन भुतांशी भिडायची वेळ आली असती तर ह्यांनी आधी भुतांना "बाजूला व्हा, काम चाललंय" म्हणून सांगितलं असतं.

ओंकार या प्रकाराला डायजेटिक इंटरफेस म्हणाला. मी त्याला अर्थ विचारला, तर त्याने चक्क नीट सांगितलं. सिनेमात मागे संगीत वाजतं ते पात्रांना ऐकू येत नसतं, फक्त आपल्याला येतं. पण पात्राने रेडिओ लावला तर ते गाणं पात्रालाही ऐकू येतं, ते कथेच्या आतलं. तसंच हे. खेळणाऱ्याला लागणारी माहिती कथेच्या बाहेर, कोपऱ्यात लिहायची नाही, कथेतल्याच एखाद्या वस्तूवर दाखवायची. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या संगीत नाटकातलं पद. ते पात्रच गातं." तर म्हणतो, "तसंच काहीतरी." माझ्या समाधानासाठी म्हणाला असेल.

मग रोज रात्री जेवणं आटोपली की आमची शिकवणी सुरू झाली. सूनबाईने अकराची वेळ घालून दिली, ती आम्ही साडेअकरापर्यंत ताणायचो. फारच रक्तबंबाळ झालं की मी पदर डोळ्यांवर घ्यायची आणि तो "झालं, बघ आता" म्हणून सांगायचा. या जातीचे आणखीही खेळ त्याने दाखवले.

एक होता स्वीडनमधल्या लोकांनी केलेला, अ‍ॅम्नेशिया, २०१० सालचा. जुना किल्ला, हातात कंदील, आणि हत्यार कुठलंच नाही. भूत आलं की पळायचं किंवा लपायचं. काळोखात फार वेळ राहिलं तर त्या माणसाची मती फिरायला लागते, म्हणून कंदील लावावा, तर तेल संपतं. भुताकडे टक लावून बघितलं तरी मती फिरते. दार उघडायचं तेही नुसतं बटण दाबून नाही. माऊसने ते खरोखर ओढावं लागतं, हवं तर बोटभर फट ठेवून बाहेर डोकावता येतं. हा खेळ मला कुणी शिकवावा लागला नसता! माझ्या लहानपणी आमच्या गावात वीज नव्हती. रॉकेल जपायला म्हणून वात खाली करून ठेवलेला कंदील घेऊन परसात जाताना मी जे ऐकलंय ना, ते त्या स्वीडनवाल्यांनीही ऐकलं नसेल.

दुसरा एलियन आयसोलेशन, २०१४ चा, इंग्लंडमधला. १९७९ च्या एलियन सिनेमावरून केलेला. नायिका आपल्या हरवलेल्या आईच्या शोधात एका अवकाशस्थानकावर येते आणि तिथे एकच प्राणी तिच्या मागावर असतो. तो काही केल्या मरत नाही. तिच्या हातात एक यंत्र असतं, जवळ काही हललं की ते टिक् टिक् वाजतं. पण त्या यंत्राकडे बघायला लागलं की समोरचं धूसर होतं. आणि ती टिक् टिक् त्या प्राण्यालाही ऐकू जाते! खेळ जिथवर आला तिथे राखून ठेवायचा, तर त्यासाठीही भिंतीवरच्या टेलिफोनसारख्या डब्यात कार्ड घालून उभं राहावं लागतं. त्याचे तीन दिवे एकेक करून लागेपर्यंत जीव मुठीत. तेवढ्यातही तो येऊ शकतो.

आणि १९९९ चा एक जपानी खेळ, सायलेंट हिल. त्यात धुकं भरलेलं गाव आणि खिशात छोटा रेडिओ. राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो. ओंकार म्हणाला, त्या वेळच्या मशीनला लांबचं सगळं चित्र काढणं झेपायचं नाही, म्हणून धुक्यात लपवलं, आणि तेच धुकं लोकांच्या मनात बसलं. गरजेपोटी केलेली गोष्ट कधी कधी अशी कामाला येते.

हे सगळं बघताना मला एक गोष्ट समजली. आपल्याला वाटतं, आकडे काढून टाकले म्हणून भीती वाढली. माहिती कमी, म्हणून भीती जास्त. पण माहिती कमी नसतेच. ती कोपऱ्यातून उचलून माणसावर, त्याच्या हातातल्या वस्तूवर नेऊन ठेवलेली असते. कोपऱ्यात आकडा असला की आपली नजर तिथे जाते, "अजून साठ टक्के आहे, काही होत नाही" म्हणून जरा टेकते. इथे टेकायला जागाच नाही. त्याचं काय चाललंय ते कळायला त्याच्याकडेच बघावं लागतं, त्याचा श्वास ऐकावा लागतो.

ह्यांच्या कामातही तसंच होतं. गाडी वर्कशॉपमध्ये आली की हे लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावायचे आणि मुठीला कान लावून ऐकायचे. काटे काय दाखवतात ते नंतर.

पंधरा-वीस दिवस असे मजेत गेले. मग एका रात्री आयझॅक जहाजाच्या अशा भागात गेला की जिथे हवाच नाही. सगळे आवाज एकदम बसले. भुतांची धडपड दिसते पण ऐकू येत नाही. ऐकू येतो फक्त त्याचा स्वतःचा श्वास. आणि त्याच्या पाठीवर एक आकडा उमटला. उरलेली हवा. एकेक सेकंदाने उतरत जाणारा.

मी ओंकारला म्हटलं, "बंद कर बाळा."

"घाबरलीस?"

"बंद कर म्हटलं ना!"

त्याने बंद केलं. मला काही बोलताच येईना.

नातेवाईकांना हे ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. एप्रिल २०२१ मध्ये आम्हा दोघांना कोरोना झाला. मला साधा ताप, ह्यांना जरा जास्त. मुलगा पुण्यात, आम्ही साताऱ्यात, आणि जिल्ह्याबाहेर जायला बंदी. डॉक्टर फोनवरून सांगायचे. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर कसंबसं मिळालं होतं. ९४ च्या खाली गेलं तर कळवा म्हणाले, आणि पालथं झोपवा म्हणाले. त्याच सुमारास सरकारनेही पालथं झोपण्याच्या सूचना काढल्या होत्या. त्यामुळे ते पाच दिवस मी पाठच बघत होते. पांढरा बनियन, आणि वर-खाली होणारी पाठ.

बघत होते म्हणते खरी, पण बघत नव्हते. मी बघत होते आकडा. दर अर्ध्या तासाने बोटाला चिमटा लावायचा, वहीत लिहायचं, पुण्याला कळवायचं. ९६. ९५. ९५. ९४. परत ९५ झाला की मी खुशीत उठून चहा टाकायची. पेपर तपासताना माझं जसं व्हायचं ना, शेवटी बेरीज जुळली की झालं, मुलाने मधे काय लिहिलंय ते डोक्यातून जायचं, तसं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हे कुशीवर वळले आणि म्हणाले, "अगं, ऐक ना जरा..."

मी म्हटलं, "बोलू नका. बोललं की आकडा उतरतो."

आणि उतरायचाच तो, मी काही खोटं सांगितलं नव्हतं. ह्यांनी हात जरा उचलला, परत खाली ठेवला, आणि पालथे झाले. शहाण्या मुलासारखे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ९० आला. मग अ‍ॅम्ब्युलन्स. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. नवव्या दिवशी हे गेले.

काय सांगायचं होतं, कळलं नाही. मुलगा म्हणतो बँकेचं काहीतरी असेल. धाकटे दीर म्हणाले, गावच्या जमिनीचं. मला आपलं कधी वाटतं, चहात साखर जास्त घाल एवढंच सांगायचं असेल, तेवढ्यासाठी मी पाच वर्षं जीव टांगून बसलेय. आणि कधी वाटतं, तसं नव्हतं.

ओंकारच्या खोलीत त्या रात्री हे सगळं मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. मुलाशीही बोलले नव्हते. ओंकार लॅपटॉपचं झाकण बोटाने उघड-मीट करत ऐकत होता. मग म्हणाला, "आजी, तू पुण्याला जे आकडे पाठवायचीस ना, ते मी एक्सेलमध्ये भरायचो. बाबांनी सांगितलं होतं. त्याचा ग्राफ करायचो. एक पॉइंट वर गेला की मी सगळ्यांना दाखवत फिरायचो." जरा थांबला. "आबांना फोन दे, असं मी एकदाही म्हटलं नाही."

तेव्हा तो १५ वर्षांचा होता. मी त्याला म्हटलं, "अरे, तू दिला असतास फोन तरी मी ह्यांना बोलू दिलं नसतं." त्यावर आम्ही दोघंही हसलो, आणि मग दोघंही रडलो. सूनबाई दारात येऊन उभी राहिली आणि अकरा वाजून गेलेत असं काही न म्हणता परत गेली.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर कुणीतरी म्हणायचं की म्हातारी यंत्रांच्या विरुद्ध झाली. ते ऑक्सिमीटर नसतं तर पहाटे मला काही कळलंच नसतं. त्या आजारात माणूस वरून बरा दिसायचा आणि आतून ऑक्सिजन उतरलेला असायचा, हे डॉक्टर तेव्हाही सांगत होते. नुसतं तोंडाकडे बघून मी काय ओळखणार होते? आकडा हवाच होता. त्या खेळातसुद्धा आकडा आहेच की! हवा किती उरली ते लिहिलंय. पण ते त्या माणसाच्या पाठीवर लिहिलंय. आकडा वाचायचा तर त्याच्याकडे बघावं लागतं. माझा आकडा वहीत होता आणि मी वहीकडे बघत बसले. दर अर्ध्या तासातलं एक मिनिट आकड्याचं होतं, उरलेली एकोणतीस मिनिटं ह्यांची होती. तीही मी आकड्यालाच दिली. चूक असेल तर ती एवढीच.

सूनबाईने विचारलं, की एवढं भयंकर बघून या पोराला मिळतं काय? मी ओंकारलाच विचारलं. म्हणाला, "हे खेळताना दुसरं काही डोक्यात येत नाही. सगळं ऐकावं लागतं." मी तिला सांगितलं, ऐकायची सवय लागतेय तर लागू दे, फक्त अकराच्या पुढे नको. आणि लहान पोरांच्या हाती हे खेळ अजिबात देऊ नका, हेही सांगून ठेवते. ते मोठ्यांसाठी आहेत, डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी ओंकारला म्हटलं, "त्या आयझॅकचं शेवटी काय होतं तेवढं सांग, मला काही ते पुरं बघवणार नाही." तो सांगायला तयार होईना. शेवटी सांगितलं. आयझॅक त्या जहाजावर येतो तो आपल्या मैत्रिणीसाठी, निकोलसाठी. ती तिथे डॉक्टर असते. तिचा एक निरोप त्याच्याकडे सुरुवातीपासून असतो, तो परत परत बघत असतो. पण त्या निरोपाचा शेवट तो आपल्या मनाला बघू देत नाही. शेवटी कुणीतरी त्याला तो पूर्ण दाखवतं, तेव्हा कळतं की ती तो यायच्या आधीच गेलेली होती. जुन्या खेळात हा आयझॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही, असंही ओंकारने सांगितलं.

मी काही बोलले नाही. पिशव्या भरायच्या होत्या.

साताऱ्याला आल्यावर ती वही काढली. पाच दिवसांचे आकडे, वेळेसकट, माझ्या फळ्यावरच्या अक्षरात. समासाची जागा मात्र कोरी होती. तिथे आठवेल तसं पेन्सिलीने लिहायला घेतलंय. मंगळवारी दुपारी पालथे असतानाच ह्यांनी पायाने रेडिओकडे खूण केली होती. मी तो लावला नाही. रात्री पाठीवर हात ठेवला होता तेव्हा बनियन ओला होता, मी बदलला. तेव्हा हे म्हणाले होते, "हात गार आहेत तुझे." हे मी पार विसरले होते! म्हणजे आकड्यांच्या मधे काही ना काही माझ्याही नजरेला पडलेलं होतं. रोज एक-दोन ओळी निघतात. कधी काहीच निघत नाही.

ओंकारचा आता आठवड्यातून दोनदा फोन येतो. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "आजी, बीपी किती?" परवा म्हणाला, "आजी, आवाज बसलाय तुझा. काय झालं?"

काही नाही रे, म्हटलं, आंबे जास्त झाले. मग बीपीही सांगितलं. १३०-८०.

असो. पुष्कळ लिहिलं. तुमच्याकडची कार्टी रात्री अंधारात काय बघतात, जरा शेजारी बसून बघा एकदा.